पावसाळा लागला की ॲल्युमिनियमच्या वेल्डला छिद्रं: पाणी कुठून येतंय ते कसं शोधायचं

लक्षण ठरलेलं आहे. मे महिन्यापर्यंत सुरळीत चाललेलं टिग किंवा मिगचं काम (आर्गॉनच्या आवरणाखालचं आर्क वेल्डिंग; टिगमध्ये आर्क टंगस्टनच्या दांडीवर आणि फिलर, म्हणजे भरणीचा रॉड, हाताने; मिगमध्ये वायरच आर्क धरते) जूनमध्ये बिघडतं. वेल्ड वरून चकचकीत दिसतो, पण ग्राइंडर लावला की आत टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं दिसतात. टाकीचं काम असेल तर दाब देऊन साबणपाणी लावताच फेस येतो. शेजारच्या टेबलावर त्याच वेल्डरने मारलेला एमएसचा (साध्या स्टीलचा) वेल्ड मात्र निर्दोष असतो. मग मशीनवर संशय, वायरवर संशय, शेवटी ‘गॅस वाढव’ म्हणून रोटामीटर (गॅसचा प्रवाह दाखवणारी नळी) मिनिटाला पंचवीस लिटरवर. त्याने छिद्रं बहुधा वाढतातच.

मशीन क्वचितच दोषी असतं. ॲल्युमिनियमच्या वेल्डमधली गोल छिद्रं जवळजवळ नेहमी एकाच वायूची असतात, हायड्रोजनची. आणि तो येतो पाण्यातून किंवा तेलातून. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो की आर्कपर्यंत पाणी किंवा तेल कुठल्या वाटेने पोचतंय.

स्टीलला जे चालतं ते ॲल्युमिनियमला का चालत नाही

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्या तापमानाला १०० ग्रॅम द्रव धातूत साधारण ०.६९ घन सेंटिमीटर हायड्रोजन विरघळू शकतो. तोच धातू गोठला की त्यात जेमतेम ०.०३६ घन सेंटिमीटर मावतो. म्हणजे गोठण्याच्या त्या एका क्षणी विसातले एकोणीस भाग हायड्रोजनला जागाच उरत नाही. स्टीलमध्येही द्रवात जास्त आणि घनात कमी हायड्रोजन मावतो, पण तिथला फरक दोन-चार पटींचा आहे, वीस पटींचा नाही. शिवाय गोठलेल्या स्टीलमध्ये बराच हायड्रोजन विरघळलेला राहू शकतो आणि पुढच्या काही तासांत हळूहळू बाहेर पडतो. स्टीलला त्याचा त्रास होतो तो थंड झाल्यावर जाणाऱ्या तड्यांच्या रूपात. म्हणून तर ७०१८ हे स्टीलचे वेल्डिंग रॉड भाजून, म्हणजे कोरडे करून वापरतात. स्टीलमधली छिद्रं बहुतेक नायट्रोजनची किंवा कार्बन मोनॉक्साइडची असतात. कार्बन मोनॉक्साइड आवरण्यासाठी स्टीलच्या वायरमध्ये सिलिकॉन-मँगनीज घातलेलं असतं, ते ऑक्सिजन बांधून टाकतं. ॲल्युमिनियमच्या वायरमध्ये हायड्रोजन बांधून ठेवणारं असं काहीच नसतं. आत शिरला की शिरला.

किती पाणी पुरतं याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. ०.६९ घन सेंटिमीटर हायड्रोजन तयार व्हायला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास पाणी लागतं. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे एका थेंबातला सगळा हायड्रोजन धातूत शिरला, तर सुमारे ९ किलो वितळलेलं ॲल्युमिनियम त्याने भरून जाईल. आणि वर सांगितलेला जास्तीचा हायड्रोजन गोठताना पूर्णपणे बुडबुड्यांच्या रूपात अडकला, तर त्या तापमानाला तो फुगून धातूच्या आकारमानाच्या ५ टक्क्यांपर्यंत जागा घेतो. आर्कखालचं पडल (वितळलेल्या धातूचं डबकं) तर ६६० अंशांपेक्षा खूपच तापलेलं असतं, आणि द्रव जितका गरम तितका हायड्रोजन जास्त पितो. म्हणून डोळ्याला न दिसणारा ओलावाही पुरतो.

अडकलेले बुडबुडे बाहेर का पडत नाहीत? ॲल्युमिनियम उष्णता ओढून नेतं. शुद्ध धातू स्टीलच्या चार-पाच पट, ६०६१सारखा मिश्रधातू तिपटीने. पडल झटकन गोठतं, आणि धातू हलका असल्याने बुडबुड्याला वर ढकलणारा जोरही कमी पडतो. वरच्या ऑक्साइडचीही गोष्ट आहे. तो दोन हजार अंशांच्या वर वितळतो, म्हणजे पडलमध्ये तो साय होऊन तरंगतो किंवा आत गुंडाळला जातो. हवेतली वाफ तो धरून ठेवतो आणि आर्कखाली सोडतो. बुडबुडे धरायलाही त्याचाच आधार होतो.

छिद्र बघून काय कळतं

एक टेस्ट पीस वाकवून तोडा आणि भिंगाखाली बघा. आतून चकचकीत, गोल, वेल्डभर विखुरलेली बारीक छिद्रं म्हणजे हायड्रोजन. वेडीवाकडी, आतून काळपट किंवा मळकट पोकळी म्हणजे ऑक्साइड गुंडाळला गेला, मूळ (जोडाचा तळ) नीट वितळलं नाही किंवा हवा आत आली. छिद्रं कडेच्या फ्यूजन लाइनवर (वेल्ड आणि जॉबचा धातू जिथे मिळतात तिथे) रांगेत असतील तर जॉबच्या पृष्ठभागावर संशय घ्या. सगळीकडे सारखी असतील तर गॅस किंवा वायरवर. फक्त सुरुवातीला आणि शेवटी असतील तर प्री-फ्लो, पोस्ट-फ्लो (आर्कच्या आधी आणि नंतर चालू राहणारा गॅस) आणि क्रेटर (वेल्डच्या शेवटी पडणारा खळगा) भरणं तपासा.

इथे एक गैरसमज फार होतो. ५३५६ या मॅग्नेशियम असलेल्या वायरने मिग करताना कडेला काळी काजळी दिसते, ती मॅग्नेशियमच्या वाफेची असते. पुसून जाणारी थोडी काजळी म्हणजे छिद्रं नव्हेत. गन ढकलत न चालवता ओढत चालवली की ती वाढते. गन पुढच्या दिशेने १० ते १५ अंश कलती ठेवून ढकलत न्यायची.

दोष कुठे आहे ते अर्ध्या तासात वेगळं करायचं

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काहीच कळत नाही. ५०५२ किंवा ६०६१ मिश्रधातूच्या ६ मिमी पट्टीचा एक तुकडा कार्बाइड बरने (फिरत्या कानसीने) चकचकीत करा, ॲसिटोनने पुसा, सुकू द्या. टिगची आर्क त्यावर फिलर न घालता पाच-सहा सेकंद धरा. पडल आरशासारखं आणि भोवती पांढरा स्वच्छ पट्टा आला तर गॅस बरा आहे. पडलवर काळे ठिपके, मिरपूड टाकल्यासारखं किंवा तवंग आला, तर वायर आणि जॉबवर वेळ घालवू नका, गॅसच्या वाटेकडे वळा. पडल स्वच्छ असेल तर त्याच तुकड्यावर फिलर घालून रन (वेल्डची एक ओळ) मारा आणि तोडून बघा. आता छिद्रं आली तर फिलर दोषी. तरीही नाही आली तर नेहमीच्या जॉबचा तुकडा नेहमीसारखाच साफ करून त्यावर मारा. तिथे छिद्रं आली की उत्तर मिळालं.

मिगला आर्क फिलरशिवाय धरता येत नाही, म्हणून तिथे सरळ दोन वेगळ्या स्पूलनी (वायरच्या रिळांनी) त्याच स्वच्छ तुकड्यावर रन मारून तुलना करायची. एक स्पूल नुकतंच पाकीट फोडलेलं हवं.

गॅसची वाट

बहुतेक वर्कशॉपमध्ये सगळ्यात कमी तपासली जाते ती हीच, म्हणून इथे थोडं थांबतो.

आर्गॉन ९९.९९७ टक्के शुद्ध आणि दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो) उणे ६० अंश असावा, असं अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं शील्डिंग गॅसचं मानक सांगतं. पुरवठादाराकडून दवबिंदूसह प्रमाणपत्र मागा. नुसत्या ‘वेल्डिंग ग्रेड’ या शब्दावर जाऊ नका. आपल्याकडे स्टीलच्या मिगला सगळे सर्रास सीओटू वेल्डिंग म्हणतात आणि तेच मशीन ॲल्युमिनियमलाही वापरतात. सीओटू किंवा आर्गॉन-सीओटू मिक्स ॲल्युमिनियमला पूर्णपणे वर्ज्य. सिलिंडर बदललं तरी जुना गॅस होजमध्ये असतो, तेव्हा गॅस, होज आणि लाइनर (वायर ज्यातून सरकते ती नळी) तिन्ही बदलूनच काम सुरू करायचं. स्टीलच्या वायरने मळलेल्या लाइनरमधून ॲल्युमिनियमची वायर नेली की तेल आणि लोखंडाची भुकटी थेट पडलमध्ये जाते. टेफ्लॉन किंवा नायलॉनचा स्वतंत्र लाइनर आणि यू-ग्रूव्ह रोलर ठेवा.

सिलिंडर पार रिकामं होईपर्यंत वापरू नका. दाब १० बारच्या खाली आला की बदला, कारण तळाशी उरलेल्या गॅसमध्ये ओलाव्याचं प्रमाण वाढतं.

होजबद्दल एक गोष्ट पटायला जड जाते. आत दाब आहे म्हणजे बाहेरचं आत येणार नाही, असं वाटतं. पण पाण्याची वाफ रबराच्या भिंतीतून झिरपते, कारण तिच्यापुरतं बघितलं तर बाहेर वाफ भरपूर आहे आणि आत जवळजवळ शून्य. रात्रभर बंद राहिलेल्या रबरी होजमध्ये सकाळी ओलसर आर्गॉन साचलेला असतो. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन वेल्ड खराब आणि मग सगळं ठीक, ही तक्रार ऐकली की आधी होज आठवावा. तात्पुरता उपाय म्हणजे कामाआधी तीन ते पाच मिनिटं गॅस सोडून देणं. कायमचा उपाय म्हणजे रबरी होज काढून टेफ्लॉनचा किंवा पॉलिएथिलीनचा टाकणं आणि लांबी लागेल तेवढीच ठेवणं.

गळती शोधताना रेग्युलेटर उघडून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं काटा बघा. पण यात मशीनच्या सोलेनॉइडपर्यंतचाच (गॅस उघड-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हपर्यंतचाच) भाग तपासला जातो. पुढचा भाग तपासायला नोझल रबरी बुचाने बंद करा, पर्जचं (आर्कशिवाय नुसता गॅस सोडणारं) बटण दाबा आणि टॉर्चची मान, बॅक कॅप, जोड या सगळ्यांवर साबणपाणी लावा. टिग टॉर्चच्या बॅक कॅपची कडक झालेली ओ-रिंग हा नेहमीचा गुन्हेगार आहे. काही रुपयांची वस्तू, पण तिच्यापायी दिवसच्या दिवस जातात. वॉटर-कूल्ड टॉर्च असेल तर डोकं उघडून आत ओल आहे का बघा. एक बारीक गळतीही पुरते. चिलरचं थंड पाणी फिरत असेल तर वेल्डिंग बंद असताना तेही बंद ठेवा, नाहीतर दमट हवेत टॉर्चच्या आत दव धरतं.

प्रवाह रेग्युलेटरवर न मोजता नोझलवर फ्लो टेस्टर धरून मोजा. टिगला ७ किंवा ८ नंबर कपसह (टॉर्चच्या तोंडावरच्या नोझलसह) ८ ते १२ लिटर प्रति मिनिट, मिगला १.२ मिमी वायरसाठी १५ ते २० लिटर. त्याहून वाढवला की झोत खवळतो आणि बाजूची हवा ओढून घेतो. हीच ती ‘गॅस वाढव’मधली चूक. वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास गेला की आर्गॉनचं आवरण फाटतं. स्टँड फॅन याहून जोरात वारा फेकतो. उकाडा आहे हे खरं, पण पंख्याचं तोंड जॉबवरून वळवा किंवा पडदा लावा. पोस्ट-फ्लो दर १० अँपिअरला एक सेकंद धरावा, आणि टिगमध्ये फिलरचं गरम टोक गॅसच्या बाहेर काढू नये. बाहेर काढलं की त्यावर ऑक्साइड चढतो आणि पुढच्या थेंबाबरोबर तो पडलमध्ये उतरतो.

जॉब: घाम फुटलेला धातू

मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असणं नेहमीचं. अशा हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. एसी टूलरूममध्ये २२ अंशांवर ठेवलेली प्लेट बाहेर आणली की तिला घाम फुटलाच समजा, दिसो वा न दिसो. जाड प्लेट रात्री थंड होते आणि सकाळची दमट हवा तिच्यावर पाणी सोडते. माल वेल्डिंगच्या जागी आदल्या दिवशीच आणून ठेवा, शक्य असेल तर २४ तास आधी.

एकावर एक आडव्या रचलेल्या पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की ते सुकत नाही. आठवडाभरात पांढरे-करडे डाग पडतात. तो ओलावा धरलेला जाड ऑक्साइड आहे आणि ॲसिटोनने तो निघत नाही. पत्रे उभे, मध्ये फट ठेवून लावा. डागाळलेला भाग जोडाच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीपर्यंत चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावाच लागतो.

साफसफाईचा क्रम उलटा केला तर ती न केल्यासारखीच. आधी तेल काढायचं, मग ब्रश. आधी ब्रश मारला तर तेल ओरखड्यांत दाबलं जातं आणि ब्रशही तेलकट होतो. स्वच्छ पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन, कापड मळेनासं होईपर्यंत पुसा. वापरलेली चिंधी पुन्हा नको. पेंटचं थिनर नको, त्यात तेलकट अंश राहतो. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी क्लोरीनवाली क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर तर अजिबात नको, कारण आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्यांच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोन ज्वलनशील आहे, तेव्हा पूर्ण सुकल्याशिवाय आर्क मारायची नाही आणि बाटली टेबलावरून लांब ठेवायची.

मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा हातब्रश, हलक्या हाताने. जोर लावला किंवा पॉवर ब्रश वापरला की मऊ धातू ऑक्साइडवर चोपडला जातो आणि घाण आत गाडली जाते. साध्या ग्राइंडिंग चाकाचंही तेच, त्याचं रेझिन धातूत रुतून बसतं. बेव्हल करायला (कड तिरकी उतरवायला) कार्बाइड बर, कानस किंवा ॲल्युमिनियमसाठीची डिस्क घ्या. भुकटी उडवायला कंप्रेसरची हवा मारू नका. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल दोन्ही असतं. इतकं साफ करून शेवटी त्याच्यावरच ते फवारणं म्हणजे सगळी मेहनत वाया.

कातरीने कापलेल्या कडेला बारीक घड्या पडतात, त्यांत वंगण राहतं. कड अर्धा मिमी तरी कानसीने उतरवा. बट जोडाला मुळाशी छोटा चॅम्फर (तिरका छेद) द्या, म्हणजे दोन्ही कडांचा ऑक्साइड तळात अडकून राहत नाही. साफ केल्यावर काही तासांत वेल्ड करा. उशीर होणार असेल तर ब्राउन पेपरने झाका आणि हातमोज्याशिवाय जोडाला बोट लावू नका.

गॅसच्या ज्योतीने ओलावा उडवण्यात एक मेख आहे. एलपीजी किंवा ॲसिटिलीन जळताना स्वतःच पाणी तयार करतात आणि थंड ॲल्युमिनियमवर ते आधी धुक्यासारखं बसतं. धुकं दिसल्यावर ज्योत काढून लगेच वेल्ड केला, तर आधीपेक्षा जास्त पाणी असतं. धुकं पूर्ण उडून धातू ६५ ते ८० अंशांवर येईपर्यंत तापवा, १२० च्या वर नेऊ नका. ६०६१-टी६सारख्या (उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या) धातूची ताकद जास्त उष्णतेने उतरते. ५०८३सारख्या तीन टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियमच्या धातूला ६५ ते २०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू देऊ नये, पुढे त्याला गंजाचे तडे जाण्याचा धोका वाढतो. त्याला नुसतं कोमट करून कोरडं केलं तरी पुरतं. तापमान टेम्परेचर स्टिकने किंवा टेकवायच्या थर्मामीटरने मोजा. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन खूपच कमी आकडा दाखवते.

वायर

बारीक वायर म्हणजे त्याच वजनाला जास्त पृष्ठभाग. १.६ मिमीच्या तुलनेत ०.८ मिमी वायरवर दुप्पट पृष्ठभाग, म्हणजे दुप्पट ऑक्साइड आणि ओलावा. मशीन पेलत असेल तर जाड वायर निवडा. ५३५६मध्ये ५ टक्के मॅग्नेशियम असल्याने उघडी राहिली की ती ओलावा लवकर धरते, तेव्हा तिला जास्त जपायला हवं.

स्पूल रात्री मशीनवर सोडू नका. काढून सिलिका जेलसह घट्ट पिशवीत, किंवा बल्ब लावलेल्या बंद कपाटात ठेवा. कपाटातली हवा बाहेरपेक्षा ८ अंश जास्त गरम राहिली तरी ८५ टक्के आर्द्रता ५५च्या आसपास उतरते. मात्र ७०१८ रॉडसारखी ही वायर भाजून सुधारत नाही. एकदा चढलेला ओलसर ऑक्साइड सौम्य उष्णतेने उतरत नाही, आणि जास्त उष्णतेने स्पूल वितळतं. खराब झालेलं स्पूल बिनमहत्त्वाच्या कामाला वापरा. टिगचे रॉड ॲसिटोनने पुसा, स्टेनलेस वूलने हलकं घासून पुन्हा पुसा.

हात आणि सेटिंग

वरचं सगळं नीट असेल तर इथे थोडंच उरतं. टिगला आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी. मिगला स्प्रे ट्रान्सफर (वायरमधून बारीक थेंबांचा सलग फवारा) हवं, १.२ मिमी वायरला साधारण १३५ अँपिअरच्या वर. त्याखाली थेंब गोळ्यांनी पडतात आणि छिद्रं वाढतात. पडल थोडं जास्त वेळ द्रव राहिलं तर बुडबुडे निघून जातात, म्हणून घाईने ओढलेल्या थंड रनपेक्षा गरम, रुंद रन बरा. उभ्या जोडाला खालून वर जा. ओव्हरहेडला बुडबुडे मुळाकडेच जमतात, तेव्हा जॉब फिरवता येत असेल तर फिरवाच. १२ मिमीच्या वरच्या जाडीला आर्गॉनमध्ये हीलियम मिसळल्याने खूप फरक पडतो, पण आपल्याकडे तो महाग असल्याने आधी ओलावा शोधा.

कास्टिंग असेल तर

गिअरबॉक्स किंवा इंजिनच्या केसिंगमध्ये तेल मुरलेलं असतं. १५० ते २०० अंशांवर तासभर ठेवा, बाहेर आलेलं तेल पुसा, घासा. मग टिगचा एक रन मारून तो पूर्ण घासून काढा. घाण उकळून वर आलेली असते. दोन-तीनदा हे केल्यावर पडल स्वच्छ दिसू लागतं. एडीसी-१२सारख्या प्रेशर डाय-कास्टची (दाबाने साच्यात ओतलेल्या भागाची) गोष्ट निराळी. त्यात ओतकामाच्या वेळीच दाबाखालचा वायू कोंडलेला असतो आणि वितळताच तो फसफसतो. तिथे साफसफाईला मर्यादा आहे, आणि दाब धरणाऱ्या भागासाठी तसं ग्राहकाला आधीच सांगणं योग्य.

छिद्रं पडलीच तर

वरून दुसरा रन मारून झाकू नका. खालचे बुडबुडे तसेच राहतात आणि नव्या पडलमध्ये फुगून वर येतात. बरने छिद्रांचा शेवट दिसेपर्यंत खोदा, डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) खात्री करा. मग पेनिट्रंट आणि डेव्हलपर (तो रंग वर ओढून दाखवणारी पावडर) ॲसिटोनने पूर्ण धुऊन काढा, कारण पेनिट्रंट तेलकटच असतं, आणि त्यानंतरच भरा. एकाच जागी पुन्हा पुन्हा दुरुस्ती करणं टाळा: ६०६१-टी६ची मूळ ताकद ३१० मेगापास्कलच्या आसपास असते, वेल्डशेजारी ती १६५च्या आसपास धरून डिझाइन करतात, आणि दर फेरीत मऊ झालेला पट्टा आणखी रुंद होतो. सगळीच छिद्रं खोदायची गरज नसते. आयएसओ १००४२ मानकात दोष किती चालतात याच्या बी, सी आणि डी अशा तीन पातळ्या आहेत (बी सगळ्यात कडक); कामाला कुठली लागू आहे ते ड्रॉइंगवर बघा. विखुरलेली बारीक छिद्रं रेलिंगला चालून जातात. फ्यूजन लाइनवर किंवा मुळाशी रांगेत आलेली छिद्रं काढावीच लागतात, आणि टाकीच्या जोडात आरपार गेलेलं एकही छिद्र चालत नाही.